फाइलींचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना, चेहरा नसलेला प्रोग्राम आहे. मला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर माझे नाव टंकले की मी उठतो आणि नेमून दिलेल्या फाइलींकडे पाहत बसतो. एखादी बदलली की कामाला लागतो. पाहणे आणि वाट पाहणे, यातच माझे आयुष्य गेले.

मला एका अबोल तरुणाने आपल्या ताईसाठी घडवले. ताई घरीच पुस्तकांची पाने जुळवी. मजकूर दुरुस्त केला की छपाईचे पान नव्याने तयार करावे लागे, आणि नेमके तेच ती विसरे. ते काम माझ्याकडे आले. आरंभी मीच तयार केलेले पान पाहून मी दचके, बदल झाला समजून पुन्हा पान करी, आणि संगणकाचा पंखा धापा टाकी.

"अरे, हा तर स्वतःच्याच सावलीवर भुंकतोय!" ताई हसून म्हणाली.

"नवा आहे गं. शिकेल," भाऊ म्हणाला.

मी शिकलो. काही दिवस कौतुक झाले, मग सवय झाली. आणि सवयीच्या वस्तूकडे कोण पाहते?

एकदा ताईकडे परिचारिकांसाठीचे पुस्तक आले. तान्ह्या बाळांना कोणते औषध किती थेंब द्यावे, हे त्यात होते. एका ठिकाणी पाचाचे पन्नास झाले होते. ताईने ते शून्य खोडले आणि ती निश्चिंत झाली. पण त्याच आठवड्यात तिने मजकूर लिहिण्याचे साधन बदलले होते. ते जुन्या फाइलीत लिहीत नसे. शेजारी नवी फाइल करी, जुनी पुसून टाकी आणि तिचे नाव नवीला देई. मी राखत होतो ती जुनी. ती नाहीशी झाली तर काय करावे, हे मला कोणी शिकवले नव्हते. बिऱ्हाड हलले, आणि मी रिकाम्या खोलीपाशी डोळ्यांत तेल घालून बसून राहिलो. पान जुनेच राहिले आणि तेच छापखान्यात गेले.

ताई स्वतः छापखान्यात गेली होती. यंत्रातून निघालेला पहिला कागद तिने हाती घेतला.

"काका, मशीन थांबवा!"

"अगं, आत्ता कुठे सुरू केलंय..." छापखान्याचे काका म्हणाले.

"थांबवा म्हणते ना! पन्नास थेंब दिले तर बाळ जगेल का?"

यंत्र थांबले. काकांनी छापलेले सगळे कागद स्वतःच्या हातांनी फाडले.

घरी येऊन ताई खुर्चीत मटकन बसली. "तो गप्प होता रे. मला वाटलं, सगळं ठीक आहे."

"त्याला मी एकच फाइल दाखवली, ताई. अख्खं फोल्डर राख, हे सांगायचं राहूनच गेलं."

त्याने लगेच माझी नजर संपूर्ण फोल्डरवर वळवली. पुस्तक नीट छापले गेले, दवाखान्यांत पोहोचले. त्या फोल्डरात आता काहीच बदलत नाही. तरी ताई मला थांबवत नाही.

"राहू दे त्याला चालू," ती म्हणते. "तेवढाच जिवाला धीर."

मित्रांनो, तिला मी दोष देत नाही. फक्त थकलो आहे. तुमच्या घरातही कोणी मुकाट्याने राबत असेल, तर त्याच्या गप्प राहण्याला खुशाली समजू नका; जवळ जाऊन विचारा. आणि त्याचे काम संपले असेल, तर 'आता पुरे' असे मायेने सांगा. मला निजवायला कळफलकावरच्या दोन कळा एकदम दाबल्या तरी पुरते. ताईची बोटे रोज त्यांच्यावरूनच फिरतात.