बंद झाकण

कोंडाजीला नात होऊन महिना झाला, तरी त्यानं तिला पाहिली होती ती भुकूमच्या आपल्याच घराच्या ओट्यावरून. पिरंगुटजवळच्या रंगाच्या कारखान्यात तो रसायनं शिजवायचा. तिथला उग्र वास कितीही घासलं तरी अंगाला राहायचा, आणि तो जवळ गेला की पोर शिंकून शिंकून लाल व्हायची. डॉक्टरीणबाई लांबूनच बघा म्हणाल्या, तशी सगुणाबाईनं नवऱ्याचं ताटसुद्धा ओट्यावर नेलं. एखादं काम अंगावर घेतलं की ती कसूर ठेवत नसे.

तशात कारखान्यानं भांडी बदलली. आता झाकण बंदच. वाफ गार होऊन पुन्हा भांड्यातच जायची, हवेत काही सुटायचं नाही. पंचाईत झाली ती कोंडाजीची. रसायन शिजलं का, हे तो आजवर झाकण उचलून नाकानं ओळखत आलेला. झाकणातल्या काचेतून बघून कसलं कळतंय? पहिल्याच दिवशी त्यानं जरासं उघडलं, आणि घरी पुन्हा ओटा.

शिफ्टचा साहेब साबीर त्याच्या निम्म्या वयाचा. तो रागावला नाही. म्हणाला, "मामा, झाकण उघडायचं का नात घ्यायची, तेवढं ठरवा."

मग कोंडाजी भांड्यापाशी हात मागं बांधून उभा राहू लागला. काचेतला रंग हळूहळू ओळखीचा झाला.

आठवडाभरानं बाळंतपणाला आलेल्या सायलीनं बापाच्या सदऱ्याला नाक लावलं. नुसता साबण. तिनं पोर त्याच्या मांडीवर ठेवली.

पोर शिंकली.

"मी म्हनलं व्हतं," सगुणाबाई म्हणाली.

कोंडाजी पोर परत देऊ लागला. सायलीनं घेतली नाही. ती कोपऱ्यातल्या शेगडीकडे बघत होती. बाळाला धुरी म्हणून सगुणाबाई रोज संध्याकाळी मूठभर ओवा टाकायची, नेमकी कोंडाजी यायच्या वेळेला. इतके दिवस ओव्याचा धूर त्याच्या वासाआड लपून गेला होता.

"आये, शेगडी भायेर ने."

"अगं, धुरी चांगली असती."

"ओट्यावर ने."

सगुणाबाई शेगडी घेऊन गेली. आत शिंका थांबल्या. कोंडाजीनं खाली वाकून पोरीची टाळू हुंगली. दूध, खोबरेल, आणखी काहीतरी ऊन ऊन. त्यानं पुन्हा हुंगली.

"जेवाय वाढलं की माझं ताट हिकडंच आना," ओट्यावरून आवाज आला.