सुसरबेटावरचा दिवाळसण

नवऱ्यानं आपल्याशी दोन शब्द मोकळेपणी बोलावेत, एवढंच हरणाबाईला लग्नानंतर हवं होतं, आणि सहा महिन्यांत तेवढंही जमलं नव्हतं. लालासाहेब माणूस वाईट नव्हता. उंब्रजकडच्या एका पोलीसपाटलाचा धाकटा मुलगा, घरी उसाची बागाईत, अंगानं भरलेला. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नाही. पण घरात माणसं दहा, आणि सासरे नुसते खाकरले तरी चुलीपाशी सगळ्या गप्प. अशा घरात नवराबायकोनं बोलायचं कधी आणि कुठं?

म्हणून त्रेचाळीस सालची दिवाळी तोंडावर आली असताना लालासाहेब गोठ्यात आला आणि हळूच म्हणाला, "तुझ्या आजीचं बेट म्हनं लय बघन्यासारखं हाय. दिवाळसनाला तिकडंच जाऊ. तू दाव मला समदं," तेव्हा हरणाबाईला आपण नीट ऐकलं की नाही, तेच कळेना. त्या दिवशी तिनं भाकरीच्या पिठात मीठ दोनदा घातलं आणि सासूची बोलणी हसत हसत खाल्ली.

सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णा एके ठिकाणी दोन वाटांनी जाते आणि मैलभरानं परत एक होते. मधला जो तुकडा उरतो, त्याला सुसरबेट म्हणत. पंधरावीस घरं, जांभळीची राई, थोडा ऊस, थोडा भाजीपाला. पटकीच्या एकाच साथीत आईबाप गेले, तेव्हा हरणाबाईला आणि तिच्या थोरल्या भावाला, सयाजीला, त्यांच्या आजीनं इथं आणलं आणि वाढवलं. आजीचं नाव राहीबाई. बाई हाडानं बारीक, पण बेटावरच्या गड्यांनाही तिचा वचक होता.

सयाजी मात्र आता बेटावर नव्हता. बेचाळीसच्या ऑगस्टात कचेरीवर मोर्चा गेला, त्यात तो पुढं होता. तेव्हापासून तो भूमिगत. त्याच्या नावाचं वॉरंट निघालेलं, पोलीस तालुकाभर त्याचा माग काढत होते. धाकट्या बहिणीच्या लग्नालाही त्याला येता आलं नाही. त्यानं आजीकडे निरोप तेवढा धाडला होता, की भाऊबीजेला काही झालं तरी हरणीकडून ओवाळून घेणार.

दिवाळीच्या आदल्या दिवशी आकाराम नावाड्यानं दोघांना नावेतून बेटावर उतरवलं. आजीनं जावयाच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि नात पाणी भरायला मागल्या दारी गेली तशी तिच्या पाठोपाठ आली.

"समदं दाव त्येला," आजी म्हणाली. "गुंफा तेवढी ऱ्हाऊ दे."

"अगं आजे, नवरा हाय माझा."

"व्हय. आन पाटलाच्या घरचा हाय."

हरणाबाईला ते बोलणं लागलं. जन्मभर ज्या घरात दिवस काढायचे, त्या घरावर आजीनं असा संशय घ्यावा, हे तिला आवडलं नाही. पण ती हो म्हणाली.

मग दोन दिवस तिनं नवऱ्याला बेट दाखवलं. पाण्यात निम्मं बुडालेलं महादेवाचं देऊळ दाखवलं. पिंडीपर्यंत जायला गुडघाभर पाण्यातून जावं लागे आणि मासे पायांना गुदगुल्या करत. वटवाघळांचा वड दाखवला. दुपारच्या उन्हात वाळूच्या पट्ट्यावर तोंड उघडं टाकून पडलेली सुसर दाखवली, तेव्हा लालासाहेब चांगला चार पावलं मागं सरला आणि हरणाबाई पोट धरून हसली. गुळाची काहील दाखवली. एका पुरात गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा दादानं आपल्याला या काहिलीत बसवून पलीकडं नेलं होतं, हेही सांगितलं. तो विचारत होता. तू कुठं पडलीस, या झाडावर कोण चढायचं, दादा तुला मारायचा का. इतकं कुणीच कधी तिला विचारलं नव्हतं. बोलून बोलून तिचा घसा बसला. आपलं नशीब उघडलं असं तिला वाटलं, आणि तसं वाटण्यात तिची काय चूक होती, ते मला कुणी सांगावं.

पाडव्याला जावई रुसला. दिवाळसणाचा जावई रुसतोच, ती रीत आहे. ताटावर बसायचं, घास उचलायचा नाही, सासुरवाडीनं मनधरणी करायची. कुणी अंगठी मागतो, कुणी सायकल. लालासाहेब हात मांडीवर ठेवून बसला. आजीनं गाभण म्हैस देऊ केली. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून हसत होत्या. तो नको म्हणाला, मग आपणच हसला आणि जेवला.

जेवणानंतर घाटावर तो हरणाबाईला म्हणाला, "माझा रुसवा आजीवर न्हाई. तुज्यावर हाय."

"माझं काय चुकलं?"

"दोन दिस तू मला समदं दावतीयास. पर त्या खालच्या काठाकडं वळलीस की गप हुतीस. तिथं काय तरी हाय, आन मला सांगायचं न्हाई. मी परकाच हाय म्हन की तुला."

हरणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आजीचा शब्द तिला आठवला, नाही असं नाही. पण सहा महिने जो माणूस भिंतीसारखा होता, तो आज आपल्यावर रुसत होता, आणि तो रुसवा काढला नाही तर पुन्हा भिंत होईल, ही भीती मोठी ठरली. ती उठली आणि त्याला गुंफेकडं घेऊन गेली.

खालच्या काठाला जांभळीच्या मुळांमागं कपार होती. पावसाळाभर ती पाण्याखाली असे, दिवाळीला तिचं तोंड कोरडं होई. चार माणसं बसतील एवढी जागा. आत आजीनं नवं गवत अंथरलं होतं, पाण्याचा डेरा भरून ठेवला होता.

"दादा येनार हाय," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या पारी. ओवाळून घ्यायला. तुमी कुनाला बोलू नगासा."

"मी कुनाला बोलतोय? मलाबी त्येला भेटायचं हाय. लग्नात बी भेट न्हाई झाली," तो म्हणाला. तिच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. दिवसाउजेडी, उघड्यावर, पहिल्यांदाच.

संध्याकाळी तिनं त्याला पाडव्याचं ओवाळलं. त्याआधी तंबाखू संपली म्हणून तो आकारामच्या नावेतून पलीकडं जाऊन आला होता. बेटावर तंबाखू घरोघर होती, पण हे तिच्या डोक्यात आलं ते फार उशिरा.

भाऊबीजेला सूर्य नुकताच वर आला होता. हरणाबाई ताट घेऊन एकटीच गुंफेपाशी गेली. सयाजी आला होता. दाढी वाढलेली, खांद्यावर धनगरी घोंगडं, पायांना भेगा. तिला लुगड्यात, कपाळभर कुंकवात पाहून तो नुसता बघतच राहिला.

"मोठी झालीस की, हरणे," तो म्हणाला आणि पाटावर बसला.

तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, वर अक्षता लावल्या. ताट उचललं, एक फेरा झाला, आणि वरच्या दरडीवरून माणसं उतरली. पाच वरून, तीन नदीच्या बाजूनं. सयाजी अर्धा उठला. चहूकडं पाहून परत खाली बसला. पळायला जागाच नव्हती. त्याच्या हातांत बेड्या पडल्या, तेव्हा कपाळावरच्या अक्षताही अजून खाली पडल्या नव्हत्या.

वर जांभळीखाली लालासाहेब उभा होता. फौजदार त्याला मोठ्यानं म्हणाला, "वडिलांना सांगा, पाटीलकीची आता काळजी नको."

सयाजीनं आधी वर मेव्हण्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं. ही जागा तीन माणसांनाच ठाऊक होती. त्यांतला एक बेडीत होता आणि एक म्हातारी होती.

"दोन दिस इचार करत व्हतो, तुला काय ओवाळनी घालावी," तो म्हणाला. "तुजी तूच घेतलीस की."

त्याला नेलं, नाव पलीकडं लागली, तरी हरणाबाई ताट धरून तशीच उभी होती. मग तिला राग आला. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो आधी स्वतःचाच आला. आपल्या लहानपणातली एकेक जागा आपण या माणसाच्या हातात हौसेनं ठेवली, आणि तो त्यातून त्याला हवी ती एकच शोधत होता.

अंगणात लालासाहेब तिला समजावू लागला. "त्येला हात लावनार न्हाईत, तसा शबूद घेतलाय मी. फौजदारानं आमाला अन्न ग्वाड लागू दिलं न्हाई. एक तर मेव्हना द्या, न्हाई तर पाटीलकी सोडा म्हनला. आबांनी मला हितं धाडलं. मी काय करनार व्हतो?"

तिनं ओवाळणीचं ताट ओसरीवर ठेवलं.

"पर बेट मातर खरंच आवडलं मला," तो म्हणाला, आणि तो हे मनापासून बोलला. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

आजीनं जावयाचं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवलं. नातीनं सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. आजी म्हणाली, "मी नगं म्हनले व्हते." एवढंच. त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही आणि नातीला घरातून काढलंही नाही.

पण पंधरा दिवसांत बेटाची नजर बदलली. पाणवठ्यावर बायका हरणाबाई आली की घागरी उचलू लागल्या. बाजारला जायचं म्हणून ती नावेपाशी गेली, तर आकाराम वल्ही आडवी ठेवून बसला.

"तुला नेलं तर पलीकडं मानसं मला बोलत्यात," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "तुजा नवराच गावात सांगत फिरतोय, की बायकूनं फौजदाराला निरोप धाडला, मला काय बी ठाव न्हवतं. चावडीवर रडला म्हनं."

हरणाबाई घरी आली आणि तिनं आजीचे पाय धरले. "आजे, दादाला जाऊन सांग. जग काय म्हनंल ते म्हनू दे. त्येला तेवढं सांग."

सयाजीला साताऱ्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. आजी आकारामला सोबत घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आली, पाय धुतले, पाणी प्यायली. हरणाबाई समोर बसून होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"त्यो म्हनला, आजे, ती तुज्या मांडीवर वाढलीया, तू असंच म्हननार. म्हनला, एकच सांग, जागा तिनं दावली का न्हाई?" आजीनं तांब्या खाली ठेवला. "मला खोटं बोलता आलं न्हाई, पोरी. व्हय म्हनले. त्यो उठून आत गेला. पुन्ना बोलावलं तर आला न्हाई."

संक्रांतीला लालासाहेब आला. नवं लुगडं आणलेलं, तिळगूळ आणलेला. वडिलांची पाटीलकी पक्की झाली होती. आता सून घरी हवी होती. आजी आतच बसून राहिली. हरणाबाईनं त्याला ओसरीवर बसायला घोंगडी टाकली.

"माझं नाव घेतलंत तुमी," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. "भूमिगतांची पोरं खबऱ्याच्या तळपायाला पत्र्या ठोकत्यात, ठाव हाय न्हवं तुला? बाईच्या अंगाला ती हात लावत न्हाईत. तुला काय धोका न्हवता त्यात."

"न्हवता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी येते. आज, ह्या घडीला येते. जन्मभर तुमच्या चुलीपाशी बसते, तोंडातनं शबूद काढनार न्हाई. पर आदी सातारला चला. दादाच्या म्होरं हुबं ऱ्हावा आन एवढंच म्हना, की तिला ठाव न्हवतं, मी फसवलं तिला. माझं त्यो ऐकनार न्हाई. आजीचं ऐकलं न्हाई. तुमचं ऐकंल."

लालासाहेबानं नवं लुगडं मांडीवर ओढलं. घडी उलगडली, परत घातली. तो खरंच विचार करतो आहे असं दिसल्यावर हरणाबाईला आशा वाटली. या माणसावर आपण अजून आशा ठेवतो, याची तिला लाजही वाटली.

"तेवढं सोडून काय बी माग," तो शेवटी म्हणाला.

तिनं त्याला जेवायला वाढलं. पाहुण्याला वाढतात तसं, न बोलता, कमी पडू न देता. तो जेवून उठल्यावर तिनं लुगडं आणि तिळगूळ त्याच्या हातात परत दिला, आणि काठावर जाऊन आकारामला सांगितलं, "पावन्यांना पलीकडं सोड."

नाव निघाली. हरणाबाई काठावर उभी राहिली. दादाला जे पटलं असतं, ते सांगणारा साऱ्या मुलखात एकच माणूस होता, आणि तो तिच्याकडं पाठ करून पलीकडच्या काठाला चालला होता.