सदतीस गुण

आमच्या वन्सं म्हणजे तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. जगात माणसं दोनच प्रकारची, पास आणि नापास, आणि मी कुठल्या गटात हे त्यांनी माझ्या लग्नाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. शिडीवरून पडले, डोक्याला मार बसला आणि उजवा हात गेला. हात जागेवर होता, पण ब्रश धरायचा म्हटलं की बोटं ऐकेनात. हॉस्पिटलात एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन असतं, ते पेशींवरच्या ज्या रिसेप्टरना जाऊन लागतं त्यांतल्या एकाला ही गोळी जागं करते, मग हाताकडे जायच्या नव्या वाटा मेंदूला लवकर सापडतील अशी आशा आहे, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बाहेर ती मिळत नव्हती. मार बसल्यापासून तीस दिवसांच्या आत सुरू करायची, आणि त्याआधी हाताची परीक्षा.

परीक्षा म्हटल्यावर वन्संच्या अंगातच आलं. थेरपिस्टच्या टेबलावर काय काय असतं ते त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं. घरी पुठ्ठ्याला भोकं पाडून पेन्सिलीचे तुकडे, ठोकळे, नाणी, अशी हुबेहूब प्रश्नपत्रिका तयार झाली. बारा दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. तुकडा पडला की "पुन्हा." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी "पुन्हा."

"हुशार मुलांवरच मेहनत घेतात, छोट्या," त्या ह्यांना म्हणायच्या. "ढ मुलावर कोण वाया घालवेल एवढं औषध?"

मी एकदा म्हटलं, जरा विश्रांती द्या त्यांना.

"तू मध्ये बोलू नकोस. तुला यातलं काय कळतं?"

अठ्ठाविसाव्या दिवशी खोलीबाहेर बसलो असताना नर्सने माहितीचे कागद माझ्या हातात दिले. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: साठपैकी तिसापेक्षा कमी गुण असलेल्यांनाच घेतलं जाईल, परीक्षा एकदाच होईल. मी ते दोनदा वाचलं. हे शेजारी चाकांच्या खुर्चीत होते.

"वन्सं, जरा हे..."

"गप्प बस गं. ऐन वेळी त्याचं लक्ष घालवशील."

मग मी बसले गप्प. खरं सांगते, बोलता आलं असतं. बारा वर्षं मला गप्प बसवत आल्या, म्हटलं आज मनापासून बसते. एकदा तरी त्यांना तोंडावर पडलेलं बघायचं होतं मला. आणि एका आकड्यासाठी कोणी आजारी माणसाला परत पाठवतं का, असंही वाटलं.

सदतीस गुण पडले. वन्संनी टाळी वाजवली.

"छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मग यांना घेता येणार नाही. तिसाच्या आत हवे होते."

वन्संना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "अहो, याला शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही. मी फक्त तुमचा पेपर पाठ करून घेतलाय. उद्या परत घ्या ना, नापास होईल तो. मी करते त्याला नापास."

"परत घेता येत नाही. कागदात स्पष्ट लिहिलंय, आधीच दिला होता तुम्हाला."

वन्सं माझ्याकडे वळल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. "काय गं, होतं का लिहिलेलं?"

"मला वाचायला वेळच कुठे मिळाला," मी म्हटलं.

हे खुर्चीतून एकेक शब्द जुळवत म्हणाले, "दोनदा... वाचलं... हिने."

ह्यांच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं. मी लावायला वाकले, तर डाव्या हाताने त्यांनी मला बाजूला सारलं आणि उजव्या हाताने ते स्वतःच बटण चाचपत राहिले. आम्ही दोघी बघत उभ्या होतो. बटण काही लागलं नाही.