सिफिसचं रडणं

माझा दीर सिफिस पाहुण्यांना घेऊन दरी उतरतो. आता उतार उतरायलाही माणूस भाड्याने मिळतो. आपल्या पायांवर विश्वास नसल्यासारखे दोन्ही हातांत काठ्या घेतलेले परदेशी लोक मागे, आणि पुढे सिफिस. गुडघ्यापर्यंत बूट, कमरेला सुरी, डोक्याला काळा झालरीचा रुमाल. जन्मात त्याने शेळी ओळखली ती ताटातली. पुढचे दोन दात गाढवावरून पडून गेले, ते रानबोकडाशी झुंजताना गेले म्हणून सांगतो.

हे मी सोसलं असतं. आमच्या क्रीट बेटावर थापाड्या पुरुषांचा दुष्काळ नाही. पण दरीच्या तोंडाशी मध विकणारी मारिगो एक दिवस म्हणाली, "आर्जिरो, तुझा दीर तुझं रडणं गातो गं."

माझा नवरा वार्दिस गेल्या वसंतात शेळ्या राखताना त्या दरीत कड्यावरून पडला. त्याच्या उशाशी बसून मी जे गायले ते माझं होतं. बाई आपल्या माणसाला ज्या शब्दांनी रडते, ते दुसरी बाई तोंडात घेत नाही, पुरुष तर नाहीच. शनिवारी वर्ष भरत होतं आणि थडग्यापाशी मला तेच गायचं होतं. ते उष्टं झालं असेल, तर मी गाणार काय?

गुरुवारी मी घोळक्याच्या मागून दरीत उतरले. कोरड्या ओढ्यात कण्हेर फुलली होती. सरूची झाडं कड्यांना बोटांनी धरून उभी होती, आणि आभाळ वर निळ्या फितीएवढं उरलं होतं. बघणार कोण? एक बाई आपल्या बुटांचे फोटो काढत होती.

दोन्ही भिंती जवळ येतात तिथे सिफिस थांबला. माझा भाऊ इथे पडला, आणि ह्याच खांद्यावरून मी त्याला वर नेला, असं त्याने सांगितलं. त्या दिवशी त्याचा पाय मुरगळला होता. कॉफीच्या दुकानापर्यंत जाण्याइतकाच तो बरा होता. वार्दिसला वर आणलं सासऱ्यांनी आणि मी.

मग त्याने रुमालाची झालर डोळ्यांना लावली. रुमालही वार्दिसचाच, आठवण म्हणून मागून नेलेला. आणि तो गाऊ लागला,

"घरी आल्या तुझ्या शेळ्या, घंटा वाजती दारात,
शीळ तेवढी राहिली, राजा, दरीच्या उरात."

दातांच्या फटीतून माझं दुःख फसफसत बाहेर येत होतं.

आमच्याकडे कडवं टाकलं की कुणीही उलट कडवं टाकू शकतो, आणि मग गाणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. मी मागून आवाज लावला,

"खांदा दिला म्हणतोस, सांग कुठला रे खांदा?
डावा लोळला गादीत, उजवा सोलीत होता कांदा."

दरीने 'कांदा' दोनदा परत दिला. सिफिसने नुसता आ वासला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. तेवढ्यात तो सावरला, कमरेत वाकला आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, दर गुरुवारी येत जा ना. लोकांना आवडलं."

"खाली बस," मी म्हणाले.

तो बसला. मी त्याच्या डोक्यावरचा रुमाल सोडून घेतला. आमच्या मुलखात पुरुषाच्या रुमालाला हात लावला तर सुऱ्या निघतात. सिफिसची निघाली नाही. ती म्यानातच गंजलेली आहे. टक्कल उन्हात चमकलं, त्याचेही फोटो निघाले.

शनिवारी थडग्यापाशी, गेलेल्याच्या नावाने वाटतात तसे, उकडलेले गहू वाटले. सिफिस साधी टोपी घालून सगळ्यांच्या मागे उभा होता. पाद्रीबुवा थांबले, बायका माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. कडवं गळ्याशी आलं, आणि त्याच्यामागोमाग त्या टाळ्या आल्या. मी ते गिळलं.

मग थडग्यावर रुमाल पसरला, दोन बोटं ओठांत घातली आणि वार्दिसची शीळ घातली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानेच मला शिकवली होती. पाद्रीबुवांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खाली दरीत एक घंटा हलली, मग दुसरी, मग सगळ्याच. शेळ्या वर चढू लागल्या होत्या.

सिफिस आता घराच्या मागे उभा राहून ती शीळ घालून बघतो म्हणे. मारिगो सांगते, त्या फटीतून नुसती हवा जाते.