बाराही महिने उघडे

"आवं नाना, वाई काय हितनं जवळ हाय व्हय?" जोतिबानं ब्रश हवेतच थांबवला.

"लिव्ह रं. पोरगी वाईची हाय. तिला म्हायेर जवळ वाटाय पायजे!"

नानासो म्हणजे जोतिबाचा चुलता. आमच्या बोडकेमाळावर साठ उंबरे, वर ऊन आन् खाली खडक. गावाचं नाव सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हंजी नेमकं कुठं?" मग आमी दुसऱ्यांची गावं सांगत बसतो.

जोतिबा छत्तीस वर्षांचा. सुपारीचं खांड तोंडात नाही, तीन एकरांत शाळू करतो. त्याचं स्थळ आजवर अकरा जणांनी बघितलं. त्याची आई दहाच म्हणते, पण मोजदाद माझ्याकडं पक्की हाय. अकराही जणांचा सूर एकच: पोरगा चांगला, पण गाव लय आडबाजूला. म्हणून नानासोंनी फाट्यावर बोर्ड उभा केला. 'जवळपासची प्रेक्षणीय स्थळे'. औंधची यमाई, सात किलोमीटर. खाली, वाईचा घाट. तिथं आकडा घालायला जोतिबाचा हात धजेना. नानासोंनी सांगितलं, "हाकेवर, असं लिव्ह."

रविवारी पाहुणे आले. पोरीचा बाप बोर्ड वाचूनच घरात शिरला. "सातला निघालोय वाईसनं, आता साडेनऊ वाजल्यात. तुमची हाक लय लांब जाती, नानासो!"

सगळे हसले. नानासो पोह्यांत लिंबू पिळत राहिले.

पोरगी, समीक्षा, धीट होती. तिनं सरळ जोतिबालाच विचारलं, "इथं रेंज येते का?"

"टाकीवर चढलं की येती."

"आणि टाकीत पाणी?"

जोतिबाला खोटं जमत नाही. "रेंजच येती," तो म्हणाला.

ती खळखळून हसली. त्या हसण्यावर गडी दिवसभर तरंगत होता.

पोहे संपले, तसा बाप म्हणाला, "आलोच हाय तर यमाईचं दर्शन घिऊन जाऊ." जोतिबा फटफटीवर पुढं, त्यांची गाडी मागं. देवळापुढं त्यानंच त्यांचा फोटो काढला. सगळे आले त्यात, काढणारा सोडून.

पाचव्या दिवशी टाकीवर चढून त्यानं वाईला फोन लावला. खाली उतरला तेव्हा नानासो वाट बघत होते.

"काय म्हनलं?"

"पोरगा लाखात एक म्हनलं. फिरायला बी लय आवडलं म्हनं." त्यानं हाताला लागलेला टाकीचा गंज पुसला. "रोज ऱ्हायाचं म्हनलं की अवघड हाय म्हनं."

रंगाचा डबा घेऊन तो फाट्याकडं निघाला. आता वाई खोडतोय, असं धरून मी मागं गेलो. त्यानं वाईला हात लावला नाही. तिच्याखाली ठसठशीत लिहिलं: 'जोतिबा, ० कि.मी.'

"हे काय रं?"

"स्थळच की मी, गड्या. येत्यात, बघत्यात, जात्यात."

मी चेष्टा केली. "मग वेळ बी लिव्ह की."

त्यानं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. काठाला निथळू दिला आन् शांतपणे लिहिलं: 'बाराही महिने उघडे.'