सातवी सही

कागद सापडत नाही, असं वासुदेव खासनीसांनी फोनवर तीनदा सांगितलं होतं. शनिवारी मंडळाच्या समितीतली देवश्री त्यांच्या त्सुफेनहाउझेनच्या घरी स्वतःच येऊन थडकली.

"काका, तुम्ही बसा. मी शोधते. मंगळवारी पुस्तिका छपाईला जाणार."

पुस्तिका वारसा भगिनी मंडळाची. स्वातंत्र्यसैनिकांच्या लेकी, नाती, पणत्या यांचं श्टुटगार्टमधलं हे मंडळ. त्याला दहा वर्षं झाली म्हणून संस्थापिकांची माहिती छापायची होती. प्रत्येकीचा फोटो, दहा ओळी आणि पूर्वजाच्या ताम्रपटाची किंवा तुरुंगाच्या दाखल्याची प्रत. पहिलं नाव यमुनाचं, वासुदेवांच्या बायकोचं. ती फेब्रुवारीत गेली. या देशात तेहेतीस वर्षं काढून तिचं नाव छापून येणार होतं ते याच पुस्तिकेत. ते यावं, एवढी एकच इच्छा वासुदेवांना उरली होती. बाकी सकाळी उठून चहा ठेवायचाही कंटाळा येई.

फाइल कपाटात समोरच होती. देवश्रीनं ती उघडली आणि थांबली.

"काका, ताम्रपटावर त्र्यंबक खासनीस आहे."

"हो."

"काकू तर माहेरच्या दिवेकर ना?"

"माझे आजोबा ते. बेचाळीसला दीड वर्ष येरवड्यात होते. तिचे आजेसासरे."

देवश्री खाली बसली. मंडळाचा पहिलाच नियम होता, वारसा जन्माचा हवा, लग्नाचा चालणार नाही. तो यमुनानंच लिहिला होता.

"इतकी वर्षं कुणी पाहिलं कसं नाही?"

"सगळ्यांचे कागद तीच तपासायची. तिचे कोण तपासणार?"

मग त्यांनी सांगून टाकलं. मंडळ काढताना यमुनाला सोडून सहाजणी जमल्या होत्या. इथे संस्था नोंदवायला संस्थापक सात लागतात. सातवी म्युनिकहून यायची होती, तिनं आदल्या दिवशी जमत नाही म्हणून कळवलं. नोटारकडची, म्हणजे सह्या प्रमाणित करणाऱ्याकडची, वेळ ठरलेली होती, पुन्हा मिळायला दीड महिना लागला असता. यमुना म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून तुमचं कुळ तेच माझं. देव तुमचे, पितर तुमचे, मी सगळ्यांचं करते. मग आजोबाच तेवढे माझे नाहीत होय?" आणि सही करून आली.

"आल्झो, मग सोपं आहे," देवश्री म्हणाली. "काकूंची प्रत छापायचीच नाही. फोटो मोठा टाकू. कोण विचारतंय?"

वासुदेवांना हो म्हणावंसं वाटलं. हो म्हटलं की ती जाईल आणि त्यांना आडवं होता येईल.

पण मुक्ताचं काय? मुक्ता दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचे आजेसासरे पोलिसांच्या लाठीनं कायमचे लंगडे झालेले. चार वर्षांपूर्वी तिनं अर्ज केला, आणि यमुनानं 'सासरचा वारसा चालत नाही' असं लेखी कळवलं. शेवटी इस्पितळात यमुना म्हणाली होती, "कुठल्या तोंडानं नाही म्हटलं हो मी तिला? तुम्ही सांगाल ना?" वासुदेव म्हणाले होते, "बघू." फेब्रुवारीपासून ते बघतच होते.

"मुक्ता विचारेल," ते म्हणाले.

"तिला कसं कळणार?"

"मी सांगणार आहे. कागद दे एक."

त्यांनी लिहिलं. यमुना खासनीस. स्वतः वारस नव्हती. सातवी सही हवी होती म्हणून सासरच्या ताम्रपटावर केली. पुढे त्याच कारणावरून मुक्ताला नाकारलं. ते चुकलं, असं ती स्वतः म्हणाली.

देवश्रीनं दोनदा वाचलं. "काका, समिती हे छापायची नाही."

"मग नाव गाळा. अर्धं छापू नका."

"दहा वर्षं राबल्या हो त्या मंडळासाठी!"

"मला काय सांगतेस? दर सभेला पन्नास खुर्च्या मीच लावायचो."

ती हसली, मग तिचे डोळे भरून आले. वासुदेवांना रडणाऱ्या माणसांचं आता काय करावं कळेनासं झालं होतं. त्यांनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

सोमवारी तिचा फोन आला. "तुमचा मजकूर छापायचा का, यावर समितीतल्या सहाजणींचं मत घेतलं, काका. चार विरुद्ध दोन. पुस्तिकेत काकूंचं नाव नाही येणार."

वासुदेव भिंतीला टेकले. हेच होणार, हे माहीत होतं.

"बाजूच्या दोन कोण?"

"एक मी. दुसऱ्या अपूर्वाताई."

"अपूर्वा? तिचं तर यमुनाशी आठ वर्षं पटलं नाही."

"गेनाऊ, अगदी त्याच. म्हणाल्या, बाई हेकट होती, पण ती नसती तर आम्ही सहाजणी अजून चहाच पीत बसलो असतो."

"खरंय," वासुदेव म्हणाले. "देवश्री, मुक्ताचा नंबर दे. यमुनाच्या फोनमध्ये असेल, पण तो उघडायला मला जमत नाही."

नंबर त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतला. खुर्ची फोनजवळ ओढली, कारण हे उभ्यानं होणार नव्हतं.

"मुक्ता, मी वासुदेवकाका. वेळ आहे का तुला? जरा लांबलचक सांगायचंय."