लॉकेटातला पदर

रत्नाला मेलेल्या आईचं नखाएवढं चित्र लॉकेटात हवं होतं. फोटो एकच, काकाच्या लग्नातला. त्यात सासरे समोर म्हणून आईनं पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

चित्रकार मोतीलालनानांनी पहिला चेहरा काढला. "ही तर मावशी दिसते, नाना."

पुसला.

दुसरा. "ही कोणीच नाही."

पुसला. देवपुरातल्या नानांच्या खोलीत त्यांचे डोळे चुरचुरत होते. कागदही विरत चालला होता.

"नाक कसं होतं तिचं?"

"आता आठवत नाही," रत्ना म्हणाली.

तिसरा चेहरा नानांनी काढलाच नाही. फोटोतला पदर काढला, आणि तो धरलेली गोंदलेली बोटं.

रत्नानं भिंग बराच वेळ डोळ्याशी धरलं.

"हाई मनी मायच शे," ती अहिराणीत म्हणाली.